फोडणीचा भात

आषाढाची सकाळ. कोल्हापुरावर आभाळ भरून आलेले असते. पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागलेले असते आणि पेठांतील अरुंद गल्ल्यांतून पागोळ्यांचा एकसारखा नाद ऐकू येत असतो. अशा वेळी एखाद्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडते, हिंग व कढीपत्ता यांचा खमंग वास दरवळतो आणि अंथरुणात लोळणारी मुले ताडकन उठून बसतात. आज न्याहारीला फोडणीचा भात आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

फोडणीचा भात हा तसा गरीब पदार्थ. सणावाराच्या पानात त्याला जागा नाही, पाहुण्यांपुढे तो सहसा कोणी ठेवीत नाही. रात्री उरलेला भात सकाळी फोडणीस टाकावयाचा, एवढेच त्याचे वर्णन लोक करतात. परंतु जिथे जिथे भात पिकतो, तिथे तिथे त्याची भावंडे आढळतात. शेजारच्या कर्नाटकात लिंबू पिळून केलेले पिवळेधमक चित्रान्न असते. चीनमध्ये 'छाओफान' आणि इंडोनेशियात 'नासी गोरेंग' घरोघरी खातात. या दोन्ही शब्दांचा अर्थ 'परतलेला भात' असाच आहे. कोणी त्यात अंडे घालतो, कोणी सोयाबीनचा रस घालतो, तर कोणी शेंगदाणे घालतो. चवी निरनिराळ्या असल्या, तरी उरलेले अन्न वाया जाऊ द्यायचे नाही, ही दृष्टी सर्वत्र एकच दिसते.

कोल्हापूर जिल्ह्यात ही दृष्टी रुजण्यास कारणही तसेच आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत पाऊस धो धो कोसळतो आणि भाताची खाचरे तुडुंब भरतात. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ तर दूरवर प्रसिद्ध असून, त्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण हे धान्य सुखासुखी हाती येत नाही. एक किलो साळी पिकण्यासाठी पाऊस आणि पाटाचे पाणी मिळून सरासरी सुमारे 2500 लिटर पाणी शेतात यावे लागते. आणि पावसाने पाठ फिरविली तर? 1896-97 च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांना आपल्या संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडावी लागली होती. ज्या प्रदेशाने असे दिवस पाहिले, त्या प्रदेशात ताटातील शीत न शीत वेचून खाण्याची शिकवण दिली जावी, यात नवल नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका घरात एक आजी राहत असे. तिचे माहेर गगनबावड्याकडचे. लहानपणी गुडघाभर चिखलात उभे राहून तिने भाताची रोपे लावली होती. या रोपांना तिकडे तरवा म्हणतात. दिवसभर वाकून तरवा लावल्यावर पाठ कशी मोडून येते, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच तिच्या घरात भाताचे एक शीतही वाया जात नसे. तिचा नातू त्या वर्षी सातवीत होता. आजीच्या हातचा फोडणीचा भात हा त्याचा जीव की प्राण.

एके दिवशी आजी देवदर्शनास गेली असताना त्याने स्वतःच हा पदार्थ करून सर्वांना चकित करावयाचे ठरविले. त्याच्या आईने नुकताच भात शिजवून खाली उतरविला होता. त्याने तो वाफाळता भात कढईत ओतला, फोडणी घातली आणि झारा घेऊन भराभरा ढवळण्यास सुरुवात केली. पाहता पाहता शिते मोडली, भात कढईला चिकटला आणि शेवटी ताटात पडला तो पिवळा, चिकट गोळा!

आजी परत आली, तेव्हा नातू हिरमुसला होऊन बसला होता. तो म्हणाला, "आजी, तू घालतेस तेच सगळे मी घातले. मग असे का झाले?"

आजी हसून म्हणाली, "बाळ, फोडणी तू आज सकाळी केलीस. पण फोडणीच्या भाताला आरंभ आदल्या रात्रीच करायचा असतो. शिजेपर्यंत दम धरवतो, पण निवेपर्यंत धरवत नाही, ही म्हण ऐकली आहेस ना? तुझे नेमके तसेच झाले."

आजीच्या या बोलण्यात शास्त्र होते. तांदळाच्या दाण्यात मुख्यत्वे पिष्ट असते. तांदूळ पाण्यात तापू लागला, की साधारणपणे 60 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान या पिष्टाचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात. त्यांची मूळची घट्ट रचना विस्कटते आणि दाणा मऊ होतो. गरम भाताचे शीत बोटाने सहज चिरडले जाते, ते यामुळेच. परंतु भात निवू लागला, म्हणजे पिष्टाचे विस्कटलेले रेणू पुन्हा एकमेकांजवळ सरकून नीट रांगेत बसू लागतात. दाणा कणखर होतो. त्याच वेळी पृष्ठभागावरचा ओलावाही उडून जातो. असा कणखर आणि कोरडा दाणा कढईत पडला, की तो मोडत नाही, शेजारच्या दाण्याला चिकटत नाही आणि तेलाचा हात लागताच सुटा होतो. गरम भाताची गोष्ट उलटी. त्याच्या अंगी वाफ असते. ती कढईत कोंडते आणि भात परतला जाण्याऐवजी पुन्हा शिजू लागतो.

त्या रात्री आजीने नातवास जवळ बोलावून सारी कृती दाखविली. जेवणे आटोपताच तिने उरलेला भात पातेल्यातून काढून मोठ्या परातीत पातळ पसरला. हलक्या हाताने त्यातील ढेकळे मोडली. परातीवर विरळ कापड टाकून ती पंख्याखाली ठेवली. तासाभराच्या आत भात निवला. मग तो एका उथळ डब्यात भरून तिने फ्रीजमध्ये ठेवला.

"आता निजा," आजी म्हणाली. "अर्धा स्वयंपाक झाला."

सकाळी उरलेला अर्धा स्वयंपाक झाला. त्याची रीत अशी :

चार वाट्या थंड भात घ्यावा. थंडीमुळे त्याचे गठ्ठे झाले असल्यास बोटे किंचित ओली करून ते मोकळे करावेत. एक मोठा कांदा चिरून ठेवावा. दोन चमचे शेंगदाणे, अर्धा चमचा मोहरी, तेवढेच जिरे, चिमूटभर हिंग, कढीपत्त्याची आठ-दहा पाने, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा लाल चटणी हाताशी असावी. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा, लसूण व मसाले घालून केलेले वर्षाचे तिखट होय. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या वाळवून ते कांडून घेतात. संकेश्वरी मिरची तिखटपणा देते, तर ब्याडगी रंग देते.

लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेल तापवावे. त्यात प्रथम शेंगदाणे तांबूस तळून बाजूस काढावेत. मग मोहरी टाकावी. मोहरीच्या दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो. तो तडतडला, की तेल पुरेसे तापले असे समजावे. मोहरी तडतडण्यापूर्वीच पुढील जिन्नस टाकले, तर फोडणी कच्ची राहते. त्यानंतर जिरे, हिंग व कढीपत्ता घालावा आणि लगेच कांदा टाकून तो गुलाबी होईपर्यंत परतावा. आता आच मंद करून हळद आणि चटणी घालावी. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, म्हणून ती तेलातच पडली पाहिजे. मात्र चटणी मोठ्या आचेवर क्षणात जळते आणि सारा भात कडवट होतो.

यानंतर भात, चवीपुरते मीठ आणि चिमूटभर साखर घालून आच वाढवावी. भात सारखा ढवळू नये. उलथने कढईच्या तळाशी घालून तो खालून वर उचलावा, पसरावा आणि थोडा वेळ तसाच राहू द्यावा. तळाशी टेकलेल्या शितांना जो हलका तांबूस रंग चढतो, तोच या पदार्थाचा खमंगपणा होय. पाण्यात शिजताना अन्न 100 अंशांच्या वर तापत नाही. तापलेल्या तेलात मात्र उष्णता त्याहून पुष्कळ अधिक असते आणि म्हणून तेथे नवे रंग व नवे गंध निर्माण होतात. चार-पाच मिनिटे परतल्यावर पाण्याचा हलका हबका मारावा, झाकण ठेवून दणदणीत वाफ काढावी आणि भात आतपर्यंत कढत झाला आहे, याची खात्री करून घ्यावी. वरून शेंगदाणे, कोथिंबीर आणि लिंबाचा रस घालावा. कढई एकाच वेळी काठोकाठ भरू नये. भात अधिक असल्यास तो दोन वेळा करावा. मुलांनी हे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे, हे वेगळे सांगावयास नकोच.

आजीने कढईतील एक शीत उचलून नातवाच्या तळहातावर ठेवले. ते अखंड होते, सुटे होते आणि त्यावर हळदीची झळाळी होती. शितावरून भाताची परीक्षा करावयाची असते. ती परीक्षा त्या दिवशी उत्तम रीतीने पार पडली.

पण खरी परीक्षा पुढेच होती.

श्रावणात घरी सत्यनारायणाची पूजा झाली. पन्नास-साठ माणसे जेवून गेली. रात्री सर्वजण थकून गेले होते. मोठे पातेले निम्मे भाताने भरलेले होते. त्यावर झाकण ठेवून ते ओट्यावर तसेच राहिले. ती रात्र उकाड्याची होती. सकाळी नातवाने झाकण उचलले, तर भात पांढराशुभ्र होता. वासही चांगला होता. मात्र मधला भात अजून कोमट होता. तो आनंदाने ओरडला, "आजी, आज सगळ्या गल्लीला पुरेल एवढा फोडणीचा भात होईल!"

आजीने पातेल्यात हात घालून पाहिला. क्षणभर ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "नाही बाळ. हा भात टाकून द्यायचा."

नातू चकित झाला. जी आजी ताटातले शीत वेचायला लावते, ती पातेलेभर भात टाकायला सांगते? सून म्हणाली, "आई, आंबलेला तर नाही. चांगला कढत परतला, म्हणजे काय होणार आहे?"

"वास आला नाही, म्हणून चांगला असे नव्हे," आजी म्हणाली. "रात्रभर झाकून कोमट राहिलेला भात मी माझ्या लेकरांना घालणार नाही."

आजीचा निर्णय योग्यच होता. शेतातील मातीत 'बॅसिलस सेरिअस' नावाचा एक जिवाणू असतो. तो तांदळाबरोबर घरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत हा जिवाणू स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या अवस्थेस बीजाणू म्हणतात. भात शिजताना इतर अनेक जिवाणू मरतात, पण हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरून राहतात. भात लवकर निवला आणि थंड जागी ठेवला, तर ते निपचित पडून राहतात. परंतु भात तासन् तास कोमट राहिला, तर ओलावा आणि ऊब मिळून ते रुजतात, झपाट्याने वाढतात आणि भातात विष सोडतात. या विषाला रंग नसतो, वासही नसतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते तापविल्याने नष्ट होत नाही. भात कितीही कढत परतला, तरी विष तसेच राहते आणि असा भात खाणाऱ्यास बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

ही गोष्ट जगाच्या ध्यानी येण्यास फोडणीच्या भाताचाच एक भाऊबंद कारण झाला. 1971 च्या सुमारास इंग्लंडमध्ये उपाहारगृहांतील परतलेला भात खाऊन काही लोक आजारी पडू लागले. शोध घेता असे आढळले, की तेथे मोठ्या प्रमाणावर भात शिजवून तो रात्रभर साध्या हवेतच ठेवला जाई. थंड जागी ठेवल्यास त्याचे गठ्ठे होतात, म्हणून तसे करण्याचे टाळले जाई. दुसऱ्या दिवशी तो झटपट परतून वाढला जाई. म्हणजे चूक कढईत झाली नव्हती. ती आदल्या रात्रीच होऊन गेली होती.

आजीला या जिवाणूचे नाव ठाऊक नव्हते. परंतु कोणता भात ठेवावा आणि कोणता ठेवू नये, हे तिला अनुभवाने कळले होते. परसातील झाडाखाली खड्डा खणून तिने तो भात त्यात घातला आणि वर माती लोटली. भात गुरांना किंवा कुत्र्यांनाही घातला नाही. माती सारखी करताना तिचे डोळे भरून आले. नातू म्हणाला, "आजी, तुला वाईट वाटते, तर मग टाकलास कशाला?"

आजी म्हणाली, "वाईट वाटायलाच हवे. या भातासाठी कुणी तरी चिखलात उभे राहिले होते. पण बाळ, तो आज सकाळी वाया गेला नाही. काल रात्री आपण आळस केला, तेव्हाच तो वाया गेला. दोन पराती घेऊन तो पसरला असता, थोडा शेजारी वाटला असता, तर आज सगळी गल्ली जेवली असती."

त्या दिवसापासून नातवाने एक काम आपणहून अंगावर घेतले. रात्रीची जेवणे आटोपली, की तो आधी परात काढू लागला. भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत थंड जागी गेला पाहिजे, तो दुसऱ्याच दिवशी संपला पाहिजे, आणि एकदा परतलेला भात पुन्हा तापवावयाचा नाही, हे तीन नियम त्याने स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवले. ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्यांनी उरेल एवढा भात लावूच नये. फोडणीचा भात खावासा वाटला, तर सकाळी ताजा भात शिजवून परातीत पसरावा, तासाभरात निववावा आणि लगेच परतावा. तोही मोकळा होतो.

काटकसर हा मोठा गुण आहे. परंतु काटकसर म्हणजे बिघडलेले अन्न पोटात ढकलणे नव्हे, तर चांगले अन्न बिघडण्यापूर्वी जपणे होय. अन्नाविषयीचा आदर सकाळच्या हळहळीत दिसत नाही. तो रात्रीच्या थकव्यातही परात काढणाऱ्या हातांत दिसतो. शिजेपर्यंत दम सर्वांनाच धरवतो. निवेपर्यंत ज्याला दम धरवतो, त्याच्याच ताटात मोकळा, खमंग आणि निर्धोक फोडणीचा भात पडतो.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नातवाने प्रथम केलेल्या भाताचा गोळा का झाला?
(आ) मोहरी तडतडली, म्हणजे काय समजावे?
(इ) बीजाणू म्हणजे काय?

2. पुढील प्रश्नांची पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भात निवल्यावर त्याच्या दाण्यात कोणता फरक पडतो व का?
(आ) आजीने पातेल्यातील भात का टाकून दिला? तिचा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो का?

3. 'तो आज सकाळी वाया गेला नाही. काल रात्री आपण आळस केला, तेव्हाच तो वाया गेला.' या वाक्यांचा अर्थ स्पष्ट करा.

4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरविणे, हिरमुसला होणे, तग धरणे, अंगावर घेणे.

5. भात, शीत, तांदूळ किंवा अन्न यांविषयीच्या चार म्हणी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा व त्यांचे अर्थ सांगा.

6. तुमच्या घरी आठवडाभरात कोणते अन्न उरते व त्याचे काय केले जाते, याची नोंद ठेवा आणि वर्गात चर्चा करा.